गार्डकाकांची कामशेत

मूर्खपणा मी आयुष्यात पुष्कळ केला. ह्यांच्या नव्या कोटावर इस्त्रीचा अख्खा ठसा उमटवला, व्याह्यांच्या पंगतीत मीठ म्हणून पिठीसाखर वाढली. पण ते सगळं किरकोळ. एकदा मात्र असं काही करून बसले, की ते आठवलं की आज सत्तरी उलटल्यावरही एकीकडे हसू फुटतं आणि दुसरीकडे कान गरम होतात. मी गौर आणायला म्हणून गेले आणि एका आईचं राहतं घर, पोराबाळांसकट, मुळापासून उपटून घेऊन आले. वर गाणं म्हणत आले!

ती आई म्हणजे एक कोळीण होती. आठ पायांची. आणि ती आमच्या घरमालकांची जीव की प्राण होती.

घरमालक म्हणजे लोणावळ्याचे गार्डकाका. मालगाडीचे गार्ड म्हणून उभा जन्म त्यांनी घाटात वर-खाली काढला. घाटात विजेवरची इंजिनं आली तेव्हा म्हणाले, "धूर नाही ती गाडी कसली?" आणि उतरले ते कायमचे. उतरताना अंगातला कोट, शिट्टी, खिशातलं घड्याळ आणि दोन झेंड्या मात्र बरोबर घेऊन आले. कोटाची पितळी बटणं एकेक करून गळली, तिथे त्यांनी लाकडाची बसवली. घड्याळ तेवढं मिनिटभरही चुकलं नाही. बाजारातले लोक त्यांना येताना बघून आपली घड्याळं लावत.

लग्न होऊन मी आले तेव्हा सतरा वर्षांची होते. हे मालधक्क्यावर कारकून. खोली बघायला गेलो तर काकांनी भाड्याचं नावसुद्धा काढलं नाही. त्यांनी माझी परीक्षा घेतली.

"झुरळ बघून किंचाळता का?"

"नाही," मी म्हणाले. खोटं.

"कोळी बघून?"

"नाही हो." महाखोटं.

"मग खोली दोन तुमची. एकच नियम. केरसुणी भिंतीच्या वरच्या दोन हातांत चालवायची नाही. तिथे दुसरे भाडेकरू आहेत."

मी वर बघितलं. आढ्याला, कोपऱ्यांत, तुळईवर जळमटंच जळमटं. माहेरी दिवाळीआधी आई आम्हाला डोक्याला फडकी बांधून जळमटं काढायला लावायची, आणि इथे म्हणे ते भाडेकरू! मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे छताकडे बघत मान डोलवत होते. हे असेच.

त्या दिवसापासून मी काकांच्या लेखी 'खोली दोन' झाले. "खोली दोन, चहा झाला का?" "खोली दोन, तुमचा बंब धूर करतो आहे." नाव विचारलंच नाही कधी. पण कोळ्यांना मात्र नावं होती! मला त्याचा इतका राग यायचा की विचारू नका. ती आठ पायांची अवलक्षणी म्हणे 'मळवली', आणि मी धडधाकट सुवासिनी 'खोली दोन'.

आता ही मळवली कोण, ते सांगते. गावाच्या वर तासाभराच्या चढावर एक पठार आहे. तिथून आभाळ स्वच्छ असलं की लोहगड दिसतो. पठार म्हणजे नुसता काळा कातळ. उन्हाळ्यात पाय भाजावेत असा. पण एका अंगाला खडकातून पाणी पाझरतं आणि खाली दहा-बारा गुंठ्यांची पाणथळ होते. काठाला म्हसोबाचा शेंदूर फासलेला दगड, म्हणून त्या जागेला म्हसोबाचं पाणी म्हणायचे. त्या पाणथळीत एक कोळीण राहायची. निम्म्या तळहाताएवढी, तपकिरी, आणि दोन्ही कुशींवरून पांढऱ्या रेघा, काठाची साडी नेसल्यासारख्या. ती जाळं विणून वाट बघत बसणारी नव्हे. मागचे पाय गवताच्या पात्यावर आणि पुढचे पाण्यावर टेकून बसायची. पाणी कुठे थरथरलं की धावली. पाण्यावरून! बुडायची नाही. बेडकाचं पिल्लू, किडे, एकदा तर करंगळीएवढा मासा. आणि घाबरली की देठाला धरून सरळ पाण्याखाली. वर आली की कोरडी ठणठणीत.

हे सगळं काका मला चहा पिता पिता सांगायचे. आवाज चढायचा, बशीतला चहा धोतरावर सांडायचा. "अंडी घातली की गोळा करून तोंडात धरते, खोली दोन! तीन आठवडे! तोंडात अंडी, मग खाणार काय? जवळजवळ उपाशी! मग गवतात तंबू विणते, त्यात तो गोळा टांगते, आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत बाहेर पहारा. सांगा, आमच्या रेल्वेत असा गार्ड आहे का?"

मी मान डोलवायची आणि मनात म्हणायची, ह्यांना वेळेवर बायको मिळाली असती तर ही पाळी आली नसती.

ही कोळीण त्यांना बाकी कुठे म्हणजे कुठेच सापडली नव्हती. रेल्वेत असताना प्रत्येक सुट्टीला त्यांनी मावळातली तळी, ओढे, भातखाचरं पालथी घातली होती. फक्त म्हसोबाच्या पाण्यावर. मुंबईच्या कोणा विद्वान साहेबाला त्यांनी चित्रासकट पत्र लिहिलं. उत्तर आलं, नमुना दारूच्या बाटलीत घालून पाठवावा. काका आठवडाभर धुमसत होते. "जिवंत आहे म्हणून कळवलं, तर हे म्हणतात मेलेली पाठवा!"

रोज सकाळी सहाला एक आणि संध्याकाळी पाचला एक, अशा त्यांच्या दोन फेऱ्या. पठारावर ताडपत्री टाकून तिच्यावर पालथे पडायचे, पाऊस असो की चिखल. एका गुराख्याने गार्डबाबा मेले म्हणून गावात बोंब ठोकली होती, आणि एकदा म्हशीने त्यांचं टक्कल चाटलं होतं. उठले नाहीत. वडगाव शिकार करत होती म्हणे. प्रत्येक मादीला स्टेशनाचं नाव, आणि गार्डच्या डायरीत नोंद: 'मळवली, सहा वाजून बारा, जागेवर. वडगाव, सहा वाजून वीस, गैरहजर.' चांगल्या वर्षी लोणावळ्यापासून पुण्यापर्यंतची स्टेशनं पुरायची नाहीत, मग नाशिकच्या लाइनीवरची उसनी घ्यायची.

पण मी आले तेव्हा चांगली वर्षं सरली होती. आणि ती संपवणारे होते स्वतः काकाच.

ती गोष्ट मला ठमामावशीने सांगितली. ठमामावशी पठाराखालच्या वाडीतली. चार म्हशी, कमरेला कोयता, आणि जीभ त्याहून धारदार. तिची वाडी डोंगरात कधीची, ते कुणालाच ठाऊक नव्हतं; म्हसोबाला शेंदूर तिच्याच घरचा लागायचा. तिच्या म्हशी पिढ्यान् पिढ्या त्या पाणथळीत डुंबत आल्या होत्या. नोकरीतून उतरल्यावर काकांना पहिली अक्कल सुचली ती ही, की म्हशी कोळिणींना तुडवतात. त्यांनी स्वतःच्या हाताने करवंदीच्या काट्यांचं कुंपण घातलं. म्हशी बाहेर. ठमामावशीशी कडाक्याचं भांडण. दोन पावसाळे कुंपण राहिलं.

"आन मंग काय झालं ठावं हाय का बाय?" ठमामावशी मला सांगायची, पदर तोंडाला लावून हसत. "गवात वाढलं ह्ये येवढं! माझ्या छातीला लागंल असं. पानी दिसंना. गारडबाबा आपलं ताडपत्रीवर पडत्यात, आन कोळीन कुटं? न्हाई! मी म्हनलं, आवं बाबा, तुमची ती बाय पान्यावर पळनारी. पानीच झाकलं तर ती पळंल कुटं, तुमच्या टकलावर? म्हशी गवात खात्यात, डुंबत्यात, म्हनून मदी मदी पानी मोकळं ऱ्हातंय. म्हशी न्हाई तर तुमची कोळीन बी न्हाई."

दुसरा कोणी असता तर वाद घालत बसला असता. काका घरी आले, कुऱ्हाड घेतली आणि तासाभरात कुंपण तोडलं. डायरीत लिहिलं: 'चूक माझी. सिग्नल न बघता गाडी हाकली.' ठमामावशीच्या घरी जाऊन तिच्या म्हशींना शिट्टी वाजवून सलाम केला. नंतर दोघांचा करार ठरला. एरवी म्हशींना रान मोकळं. अंड्यांच्या दिवसांत मात्र जिथे तंबू असेल तिथे लाल निशाण, आणि तेवढ्या जागेवर म्हशी नाहीत. काकांची खरी लाल झेंडी पावसात कुजायला लागली, तेव्हा ठमामावशीने आपल्या जुन्या लुगड्याचा लाल पदर फाडून काठीला बांधून दिला.

ही काठी लक्षात ठेवा. माझी अब्रू तिनेच घालवली.

आमच्या घरच्या पहिल्या गौरीच्या वर्षी पाणथळीत दोनच माद्या उरल्या होत्या. मळवली आणि कामशेत. मळवलीची अंडी पुरात वाहून गेली. राहिली एकटी कामशेत. तिने तंबू विणला त्या दिवशी काका पठारावरून पळत आले. साठीचा माणूस, घसरत, चिखलाने माखलेला. "खोली दोन! तंबू! तेरड्यात विणलाय! ही अंडी फुटली तर पुढल्या वर्षी सगळी लाइन परत चालू! नाही फुटली तर..." आणि घड्याळाला किल्ली देत बसले. दिलेली किल्लीच परत देत होते.

मी काय केलं? मी म्हणाले, "हो का? छान," आणि पुरणाची डाळ निवडायला घेतली. कारण माझ्या डोक्यात दुसरंच काहूर होतं. सासूबाई येणार होत्या. तळेगावहून, खास गौरी बसवायला. सासूबाई म्हणजे साडेचार फूट उंची आणि पंचांग तोंडपाठ. लग्नात त्यांनी माझ्याकडे बघून एकच वाक्य म्हटलं होतं, "मुलगी बारीक आहे." तेव्हापासून मला काहीतरी मोठं करून दाखवायचं होतं. आमच्याकडे गौर तेरड्याची. पाण्याकाठचा तेरडा मुळांसकट आणायचा, मुळं म्हणजे गौरीची पावलं, त्यावर मुखवटा बांधायचा आणि साडी नेसवायची. विहिरीजवळचा तेरडा बायकांनी आधीच उपटून नेला होता. राहिला होता तो मुडदूस झाल्यासारखा. तसली गौर आणली असती तर सासूबाई म्हणाल्या असत्या, "गौरही बारीक आहे."

म्हणून मी पठारावर गेले. एकटी, कुणाला न सांगता. सकाळची फेरी संपलेली आणि संध्याकाळची व्हायची होती. त्याआधी एकदाही मी वर गेले नव्हते, बरं का. कोळ्यांत कोण जातंय!

आणि काय पाहिलं असेल मी! पाण्याच्या कडेला कमरेएवढा तेरडा, गुलाबी फुलांनी लगडलेला. मधल्या झुडपावर पातळ, शुभ्र, रेशमासारखं काहीतरी पांघरलेलं, आणि त्यावर पावसाचे थेंब मोत्यांसारखे. शेजारी काठीला लाल निशाण. पलीकडे म्हसोबा.

माझ्या अंगावर काटा आला. मी म्हणाले, बाई गं, गौर स्वतःच शेला पांघरून उभी आहे! देवानेच निशाण रोवून मला जागा दाखवली! मी त्या काठीवरच्या लाल फडक्याला हळदकुंकू लावलं, नमस्कार केला, आणि दोन्ही हातांनी ते झुडूप शेल्यासकट उपटलं. उपटताना काहीतरी तपकिरी झपकन पाण्यात गेलं. बेडूक असेल म्हटलं. अहो, रोज चहाबरोबर जिचं वर्णन ऐकत होते, ती माझ्या पायाशी पाण्यात उतरली आणि मी म्हटलं, बेडूक!

वाटेत शेला फाटू नये म्हणून मी वरून पदर धरला. एवढी मात्र हुशारी.

सासूबाईंनी गौर पाहिली आणि पहिल्यांदाच हसल्या. "उंच आणलीस गं." पावलं काढली, दारात विचारलं, "गौर आली, कशाच्या पावलांनी आली?" मी छाती काढून म्हणाले, "सोन्याच्या पावलांनी!" मुखवटा बांधला, हिरवं जरतारी नेसवलं. तो पांढरा शेला मी मुद्दाम मुखवट्यामागे दिसेल असा ठेवला.

त्या संध्याकाळी काका वेळेवर परतले नाहीत. काका! ज्यांच्यावर गाव घड्याळं लावतं ते! काळोख पडल्यावर आले, खोलीत गेले, दार लावलं. सकाळी उजाडायच्या आत पुन्हा गेले. चहालासुद्धा थांबले नाहीत. मला वाटलं, हळदीकुंकवाच्या बायका येणार म्हणून माणूस पळाला.

दुसऱ्या दिवशी गौरीजेवण. दुपारी ओटीवर चपलांची रांग, घरात पुरणाचा वास, समया पेटलेल्या, धूप घातलेला. पेठेतल्या सोनारीणबाई गौरीपुढे वाकल्या. वाकल्या आणि तशाच राहिल्या.

"अगं, हिची नथ हलतेय."

सगळ्या पुढे सरकल्या. नथ हलत नव्हती. नथीवरून काहीतरी चाललं होतं. मोहरीएवढं. मग दुसरं. मग मुखवट्याच्या मागून, केसांच्या गंगावनातून, जरतारीच्या काठावरून, शेकडो. नाकाच्या शेंड्यावर चढायचे आणि हवेत धागा सोडायचे. एक धागा सोनारीणबाईंच्या बुगडीला येऊन चिकटला, आणि त्यांनी जी किंकाळी फोडली ती मालधक्क्यावर ह्यांना ऐकू गेली असं हे शेवटपर्यंत सांगत.

मग काय! ताटं पालथी, तांब्या आडवा, कुणी माझ्या पायावर, मी कुणाच्या पदरावर. आणि तुमच्या या शूर आजीने केरसुणी उचलली. गौरीवर केरसुणी! उगारलीसुद्धा.

"थांबा!"

पाठोपाठ शिट्टी. अशी, की समईची ज्योत लवली. दारात काका. गुडघ्यापर्यंत चिखल, डोळे तांबारलेले, आणि हातात उभं धरलेलं लाल निशाण. ठमामावशीच्या लुगड्याचं. त्यावर माझं हळदकुंकू, पावसाने ओघळलेलं. त्यांच्या मागे स्वतः ठमामावशी, धापा टाकत.

लाल निशाण बघून सगळ्या बायका जागच्या जागी थिजल्या. माझी केरसुणी वरच्या वर.

काका चपलांवरून तसेच आत आले आणि गौरीपुढे दोन्ही गुडघ्यांवर बसले. ह्या माणसाने कधी देवाला हात जोडलेले कुणी पाहिले नव्हते. सोनारीणबाई कुजबुजल्या, "देवीने सुबुद्धी दिली." काकांनी खिशातून भिंग काढलं. भिंग दोन्ही हातांनी धरून ते नथीवर वाकले.

"जिवंत आहेत," ते म्हणाले. "ठमाबाई, जिवंत आहेत!"

"मी म्हनलं न्हवतं का?" ठमामावशी दाराला टेकून म्हणाली. "शेळीनं तेरडा खाल्ला म्हनून कालपास्नं ह्यो बाबा शेळीची लेंडी शोधतोय. मी म्हनलं, निशानाला कुकू लावनारी शेळी मावळात न्हाई. आन आज गवरीचा दीस. इचार करा की!" मग माझ्याकडे वळली. "काय गं बाय, लेक माहेरी आनायची का लेकीचं घर उचलून आनायचं?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. शेला. तेरडा. तंबू. बेडूक.

काका उठले आणि गौरीला हात घालू लागले. "आत्ताच्या आत्ता वर न्यायला हवं. इथे समयांची ऊब, धूप! ह्यांना ओल लागते. वाळून जातील!"

"हात लावू नका." हा आवाज सासूबाईंचा. साडेचार फूट, पण मध्ये भिंतीसारख्या उभ्या. "आज गौर जेवायला बसली आहे. उद्या मूळ नक्षत्र लागल्याशिवाय ती उंबरा ओलांडणार नाही."

"अहो बाई, जीव जातील!"

"माझ्या घरातून गौर अवेळी गेली तर मी उद्या काय तोंड दाखवू?"

दोघंही आपापल्या जागी खरे, आणि कुणी हलेना. तेवढ्यात काकांनी घड्याळ काढलं.

"उद्या किती वाजता?"

"दोन वाजून दहा मिनिटांनी."

"नक्की?"

"मिनिट पुढे नाही, मिनिट मागे नाही."

काकांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला आदर उमटला. जन्मभरात त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी बरोबरीचं भेटलं होतं. "वेळापत्रक ते वेळापत्रक," ते म्हणाले. "दोन दहाला गाडी सुटेल. पण तोवर?"

सासूबाईंनी गौरीकडे पाहिलं. नाकावरच्या पिल्लांची एक नवी रांग निघाली होती. "गौर लेकुरवाळी आली आहे," त्या म्हणाल्या. "तिला उपाशीतापाशी ठेवायची नाही. धूप विझवा. समया लांब न्या. गौर पाण्याकडे जायची नाही, तर पाणी गौरीकडे आणा. आणि सूनबाई, ती केरसुणी खाली ठेव!"

मग त्या दिवशी जे झालं ते लोणावळ्यात पुन्हा झालं नसेल. ज्या बायका किंचाळत होत्या, त्यांनीच कंबर कसली. आमच्या घरापासून पठारापर्यंत हंडे-कळशा घेऊन चढ-उतर. म्हसोबाचं पाणी, ओलं गवत, शेवाळ. गौरीभोवती परातीच पराती. ओली लुगडी दोऱ्यांवर टांगली. सोनारीणबाई, बुगड्या काढून ठेवून, हाताच्या चुळक्याने पाणी शिंपडत होत्या आणि ओरडत होत्या, "हा इकडे चाललाय गं, ह्याला वळवा!" माझं काम काय? जे पिल्लू खांबावर, दारावर, लोणच्याच्या बरणीवर दिसेल त्याला गवताच्या काडीवर घ्यायचं आणि परत तेरड्यावर सोडायचं. मी, जी कोळी बघून किंचाळत नाही असं खोटं सांगून घरात शिरले, तिने त्या दिवशी किती काड्या वर-खाली केल्या त्याचा हिशोब नाही. भीती कधी गेली तेही कळलं नाही.

काका माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. फक्त एकदा भिंग हातात दिलं. मी डोळा लावला. एवढासा जीव, पण कुशीवरून पांढरी रेघ आधीच ओढलेली. काठाची साडी नेसूनच जन्मलेला. मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी दोनला सगळ्या तयार. काका कोट घालून दारात, बटणं पुसलेली. सासूबाईंनी दहीभाताचा नैवेद्य दाखवला, गौरीवर अक्षता टाकल्या, मुखवटा आणि जरतारी उतरवली. दोन वाजून दहा. शिट्टी. हिरवी झेंडी. आणि निघाली आमची मिरवणूक, विहिरीकडे नाही तर डोंगरावर! पुढे झेंडी हलवत काका, मागे तेरडा छातीशी धरून मी, त्यावर ओलं फडकं धरून सासूबाई, मागे टाळ्या वाजवत बायका. वाटेत एक गोरा साहेब घोडा थांबवून बघत राहिला. काकांनी त्याला झेंडी दाखवली आणि त्याने घोडा बाजूला घेतला.

पठारावर ठमामावशी म्हशी अडवून उभी. आम्हाला बघून ओरडली, "आली का गवर? कशाच्या पावलांनी आली?"

आणि सासूबाई, माझ्या पंचांगी सासूबाई, खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आठ आठ पावलांनी!"

मी तेरडा उपटला होता तिथे खड्डा तसाच होता, पाण्याने भरलेला. काकांनी झुडूप त्यात बसवलं, मुळांवर चिखल दाबला. मग लाल निशाण रोवलं आणि मागे सरून ताडपत्रीवर पालथे पडले. आम्ही उभ्या. दहा-बारा बायका आणि कुणी बोलत नाही, हा चमत्कार लहान नव्हे. वाऱ्याने तेरडा हलायचा, पिल्लं धागे सोडून शेजारच्या गवतावर जायची. पण आई कुठे? काल सकाळभर ती रिकाम्या खड्ड्याच्या काठावर बसून होती, काकांनी पाहिलं होतं. आज नव्हती. पाऊण तास गेला. मला वाटलं, गेली. माझ्यामुळे गेली.

मग सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. पाणी थरथरलं होतं. देठाला धरून ती खालून वर आली. कोरडी ठणठणीत. दोन पांढऱ्या रेघा. पुढचा एक पाय उचलून तिने तेरड्याचं पान चाचपलं, थांबली, पुन्हा चाचपलं, आणि चढली. फाटक्या तंबूपाशी जाऊन पहाऱ्याला बसली.

काकांनी पडल्या पडल्याच घड्याळ बघितलं, डायरी उघडली आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "कामशेत. चार वाजून बावीस. जागेवर." शेवटच्या शब्दाखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या.

त्यानंतर वर्षभर संध्याकाळची फेरी मी केली. कुणी सांगितलं नव्हतं. काकांनी माझ्यासाठी एक दुसरी ताडपत्री शिवून घेतली. म्हशी कुठे डुंबतात, गवत कुठे दाटतं, ठमामावशी कुठे कोयता चालवते आणि कुठे मुद्दाम चालवत नाही, ते सगळं मी तेव्हा पोटावर पडून शिकले. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायला लागलं.

पुढल्या भाद्रपदात आम्ही मोजायला बसलो. मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव... स्टेशनं पुण्यापर्यंत पोचली आणि पाण्यावर एक अजून धावत होती. काकांनी पेन्सिल कानाला लावली, पण नाशिकच्या लाइनीवरचं नाव काही काढलं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचं नाव काय हो?" मी सांगितलं. त्यांनी ते डायरीत लिहिलं. कोळिणीपुढे.

गौरीच्या सकाळी मी विहिरीकडे निघाले होते. पठाराकडे बघायची हिंमत नव्हती. काकांनी ओटीवरून शिट्टी वाजवून मला थांबवलं, जवळ आले, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदाच 'खोली दोन' म्हणाले नाहीत.

"पोरी, वरच जा. म्हसोबाच्या उजव्या अंगाचा तेरडा तुझ्यासाठी राखलाय. फक्त उपटायच्या आधी विचारायचं, घरात कुणी आहे का. कुणी उत्तर देणार नाही. तरी दोन मिनिटं थांबायचं. मेलगाडीसुद्धा थांबते."